मांजराचें दुखणें आणि मांजराचें भय

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या घराला रंग दिला. चार दिवस घरांत शिड्या, डबे, रंगाऱ्यांची ये-जा आणि फरशीवर पसरलेलीं वर्तमानपत्रें असा देखावा होता. दुसऱ्याच दिवशीं आमचा बोका दिसेनासा झाला. शोध करितां तो माळ्यावर जुन्या ट्रंकांच्या मागें, भिंतीस पाठ लावून बसलेला आढळला. मासळी ठेविली, तिच्याकडे त्यानें मान वळवूनही पाहिलें नाहीं. रात्रीं आमच्या लिहिण्याच्या टेबलाखालीं, म्हणजे त्याच्या मातीच्या घमेल्यापासून पुष्कळच दूर, त्यानें घाण केली. घरांत तत्काळ दोन पक्ष पडले. आमच्या मातोश्री म्हणाल्या, "अरे, तो रुसलाय. त्याची जागा मोडलीत तुम्ही." आमच्या पत्नीचें म्हणणें असें कीं त्याला कांहींतरी झालें आहे, आजच्या आज दाखवून आणावें. आम्ही पडलों इतिहासाचे अध्यापक. दोन्ही बाजूंचा पुरावा पाहिल्यावांचून निकाल द्यावयाचा नाहीं ही आमची जुनी खोड. परंतु या खटल्यांत अडचण निराळीच होती. दोन्ही पक्ष एकच पुरावा पुढें करीत होते. खात नाहीं, लपतो, नको तेथें घाण करितो. रुसव्याचीं लक्षणें हींच आणि दुखण्याचींही हींच.

अखेर बोक्यास वेताच्या टोपलींत घालून रिक्षानें डॉक्टरांकडे नेलें. तेथें बाकापाशीं एक थोराड कुत्रा बांधलेला होता. तो पाऊण तास टोपलीकडे पाहून अखंड भुंकत होता. आमची पाळी आली, रक्त काढलें गेलें, आणि साखर २६० निघाली. मधुमेह आमच्या घराण्यास अपरिचित नाहीं. हा आंकडा ऐकून आमच्याच पोटांत गोळा उठला. डॉक्टरीणबाई वयानें आमच्या विद्यार्थिनींएवढ्या असतील. त्या शांतपणें म्हणाल्या, "सर, ही साखर मी आज धरत नाही. ही त्याची नसेल, बाहेरच्या त्या कुत्र्याची असेल."

हें वाक्य आम्हांस विनोद म्हणून आवडलें. परंतु घरीं येऊन ग्रंथ चाळूं लागलों तेव्हां ध्यानांत आलें कीं तो विनोद नव्हता, शंभर वर्षांहून जुना असा एक सिद्धांत होता. मांजर, भुंकणारा कुत्रा आणि साखर या तीन गोष्टी एका ओळींत प्रथम मांडल्या गेल्या त्या १९११ सालीं, अमेरिकेंत हार्वर्ड विद्यापीठाच्या वैद्यकशाळेंत.

तेथें वॉल्टर कॅनन नांवाचे एक शरीरशास्त्रज्ञ होते. १८९५ सालीं राँटगेन यानें क्ष-किरण शोधून काढले. पुढच्याच वर्षीं कॅनन, तेव्हां ते वैद्यकाच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी होते, त्या किरणांनीं प्राण्यांचें पचन पाहूं लागले. अन्नांत बिस्मथाचा क्षार मिसळून तें मांजरास खावयास द्यावयाचें आणि त्याच्या पोटाची हालचाल पडद्यावर न्याहाळावयाची, असा तो उपक्रम होता. जठराच्या भिंतींवरून लाटा कशा सरकतात हें त्यांस पाहावयाचें होतें. परंतु मध्यें एक विघ्न येऊं लागलें. कांहीं मांजरांचें जठर मुळीं हालतच नसे. तरुण बोके बांधून ठेविले कीं धडपडत, आणि त्यांचीं पोटें स्तब्ध असत. वयस्क मांजरी मात्र निमूटपणें पडून राहत, आणि त्यांच्या जठराच्या लाटा सुरळीत चालत. एक मांजरी प्रथम शांत होती, मग एकाएकीं बेचैन झाली; तत्क्षणीं लाटा थांबल्या. तिला कुरवाळलें, ती गुरगुरूं लागली, आणि लाटा पुन्हां सुरू झाल्या.

दुसरा एखादा संशोधक असता तर असलीं मांजरें निरुपयोगी म्हणून बाजूस सारून मोकळा झाला असता. कॅननचें मोठेपण असें कीं विघ्न हाच विषय आहे हें त्यांनीं ओळखलें. १८९८ सालच्या निबंधांत ही नोंद त्यांनीं केली, आणि पुढील वर्षांत तिचा पाठपुरावा केला. १९११ सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं कुत्रा अंगावर भुंकला असतां मांजराच्या रक्तांत अधिवृक्क ग्रंथींचा रस उतरतो. आणि भ्यालेल्या, निरोगी मांजराच्या लघवींत साखर येते. भय ही केवळ मनाची अवस्था नव्हे, तिचें रसायन आहे, हें त्या मांजरांनीं सिद्ध केलें. १९१५ सालीं कॅनन यांचा वेदना, भूक, भीति आणि क्रोध यांतील शारीरिक फेरफारांवरील ग्रंथ निघाला. झुंज किंवा पळ या दोहोंसाठीं शरीर कसें सज्ज होतें, ही आतां सर्वतोमुखीं झालेली कल्पना तेथून पसरली. १९३६ सालीं हान्स सेल्ये यांनीं उंदरांवरील प्रयोगांवरून निरनिराळ्या आघातांस शरीर एकाच ठराविक रीतीनें उत्तर देतें असें मांडलें, आणि त्या अवस्थेस आज सर्व जग ज्या नांवानें ओळखतें तो 'ताण' हा शब्द त्यानंतर रूढ झाला. म्हणजे ताणाच्या शास्त्राची पायाभरणी झाली ती बऱ्याच अंशीं मांजराच्या पोटावर. त्याचा लाभ मात्र कोणास झाला? कारखान्यांतील मजुरास, सैनिकास, परीक्षार्थ्यास, हृद्रोग्यास. मांजरास तो मिळावयास जवळजवळ आणखी एक शतक लागलें.

याचें कारण शोधण्यास फार खोल जावें लागत नाहीं. पशुवैद्यक हें प्रथमपासून किंमतवान् जनावरांचें शास्त्र होतें. आपल्याकडे शालिहोत्राच्या नांवावर अश्ववैद्यक आहे, पालकाप्याच्या नांवावर गजवैद्यक आहे, मार्जारवैद्यक नाहीं. युरोपांत पहिली पशुवैद्यकशाळा क्लोद बूर्झला यांनीं ल्याँ येथें स्थापिली. तिला १७६१ सालीं राजाज्ञा मिळाली ती गुरांच्या सांथीपायीं. आणि बूर्झला हे स्वतः घोडेस्वारीचे शिक्षक होते. मुंबईस परळ येथें १८८६ सालीं पशुवैद्यक महाविद्यालय निघालें, तेंही घोडे, बैल आणि गाई यांच्या युगांत. मांजर उंदीर मारी, परंतु त्याची पावती कोणी ठेवीत नसे. एक मेलें तर दुसरें आपोआप घरांत येई. ज्याची किंमत शून्य त्याच्या दुखण्याचा शोध करावयास कोण बसतो? लंडनच्या हॅमिल्टन कर्क या पशुवैद्यानें १९२५ सालीं केवळ मांजरांच्या रोगांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तो त्या काळीं अपवादच म्हणावयाचा. इंग्लंडांत मांजरांच्या आरोग्याचा अभ्यास व्हावा म्हणून एक संस्था निघाली ती १९५८ सालीं. बाकीच्यांचा समज असा होता कीं मांजर म्हणजे लहान कुत्रा.

मांजराचा स्वभावही या अज्ञानास साह्य करितो. डार्विननें १८७२ सालच्या भावप्रदर्शनावरील ग्रंथांत मांजराच्या क्रोधाचें, भयाचें आणि लाडीगोडीचें फार सूक्ष्म वर्णन केलें आहे: पाठीची कमान, फुललेली शेपटी, मागें चिकटलेले कान. हीं सर्व मोठ्या प्रसंगांचीं चिन्हें होत. परंतु रोजचें दुखणें मांजर असें फुलवून दाखवीत नाहीं. तें एकटें शिकार करणारें आणि स्वतः दुसऱ्याची शिकार होणारें असें जनावर आहे. दुर्बळता दाखविणें त्यास परवडत नाहीं. कुत्रें लंगडत धन्याकडे येतें. मांजर दुखूं लागलें कीं धन्यापासून दूर जातें. आणि दूर जाण्यासच आपल्याकडे रुसणें म्हणतात.

आतां लघवीच्या दुखण्याची कथा सांगितली पाहिजे, कारण या प्रश्नाचा खरा कस तेथें लागला. मांजर वारंवार मातींत जाऊन बसतें, कुंथतें, लघवींत रक्त पडतें, घरभर थेंब सांडतात, ही तक्रार फार जुनी आहे. १९७० च्या सुमारास तिला एक लांबलचक लक्षणसमूहाचें नांव देण्यांत आलें आणि कारणाचा शोध सुरू झाला. कोणी जंतू म्हणाले, कोणी कोरड्या अन्नांतील राख म्हणाले, पुढें मॅग्नेशियमवर ठपका आला. अन्न करणाऱ्यांनीं अन्न बदललें आणि एका जातीचे खडे खरोखरच कमी झाले. परंतु दुखणें गेलें नाहीं. तरण्या मांजरांपैकीं पुष्कळांच्या मूत्राशयांत ना जंतू सांपडे, ना खडा, ना गांठ. रक्त मात्र पडे. कारण सांपडलें नाहीं म्हणजे वैद्य ग्रीक शब्दाचा आश्रय करितात. तसा येथेंही केला, आणि दुखण्यास 'अकारण' मूत्राशयदाह असें नांव पडलें.

अमेरिकेंतील ओहायो राज्य विद्यापीठांत टोनी बफिंग्टन या पशुवैद्यानें हें कोडें हातीं घेतलें. स्त्रियांमध्यें मूत्राशयाचा असाच एक चिवट, वेदनामय विकार आढळतो. त्याच्याशीं हा जुळतो काय हें पाहण्यासाठीं धन्यांनीं हात टेकलेलीं अशीं मांजरें त्यांनीं आपल्या शाळेंत आणून ठेविलीं. तेथें त्यांस ठराविक वेळीं अन्न, तेंच माणूस, लपावयास आडोसा, चढावयास उंचवटा आणि खेळावयास कांहींतरी मिळे. औषधाचा म्हणावा असा बदल नव्हता. तरी मांजरें सुधारूं लागलीं. २०११ सालीं या मंडळींनीं प्रसिद्ध केलेला अभ्यास आम्हांस या सर्व इतिहासाचा मध्यबिंदु वाटतो. विकार असलेलीं २० मांजरें आणि निरोगी १२ मांजरें यांवर त्यांनीं ७७ आठवडे नजर ठेविली आणि नेहमीच्या क्रमांत बदल झाला कीं काय होतें तें टिपलें. देखभाल करणारें माणूस बदललें, वेळ चुकली, असल्याच त्या गोष्टी. आपण त्यांस घटना म्हणणारही नाहीं. त्या आठवड्यांत मांजरें कमी खात, घमेल्याबाहेर घाण करीत. आश्चर्य हें कीं विकारी मांजरांप्रमाणें निरोगी मांजरेंही तसेंच करीत. म्हणजे लक्षणें पाहून दुखणाईत आणि भ्यालेलें हा निवाडा करावयास जावें, तर लक्षणें दोहोंचीं एकच निघतात. कॅनन यांच्या पडद्यावरील थांबलेल्या लाटांचेंच हें घरगुती रूप नव्हे काय?

याच वर्षीं बफिंग्टन यांनीं या विकारास एका ग्रीक पुराणकथेंतील पँडोरेचें नांव सुचविलें. तिच्या पेटींतून जशा नाना पीडा बाहेर पडल्या तशा या मांजरांच्या ठिकाणीं मूत्राशयाबरोबर आंतडीं, त्वचा, श्वास अशा अनेक जागीं तक्रारी दिसतात, हा त्यांतील अभिप्राय. रोगाचें घर मूत्राशयांत नाहीं; तें बिचारें केवळ बोलतें. बालपणींचीं संकटें आणि भोंवतालची अस्थिरता हींच पुढें शरीरांत उतरतात. येथवर आलें म्हणजे आजार कीं ताण हा प्रश्नच डळमळूं लागतो. ताणानें रक्त पडलें तर त्याला आजार म्हणावयाचें नाहीं तर काय?

मात्र या विचाराचा मोह आवरला पाहिजे, असें सांगणारा दुसरा इतिहास तितकाच बलवान् आहे आणि तो फार दारुण आहे. जपानांत क्यूशू बेटावर मिनामाता नांवाचें बंदर आहे. १९५० नंतरच्या कांहीं वर्षांत तेथील कोळीवाड्यांतील मांजरें चमत्कारिक वागूं लागलीं. तीं लटपटत, गिरक्या घेत, भिंतीवर आपटत, कांहीं समुद्रांत पडून मरत. लोक म्हणत, मांजरें नाचतात. १९५४ च्या ऑगस्टांत एका स्थानिक वर्तमानपत्रानें बातमी छापिली ती अशी कीं एका वस्तींतील मांजरें मरून गेल्यामुळें उंदीर फार माजले आहेत आणि कोळी त्यांचा बंदोबस्त मागत आहेत. बातमी उंदरांची होती! मांजरें कां मेलीं हें विचारण्याचें कोणास सुचलें नाहीं. १९५६ च्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेस तेथील चिस्सो या रसायन कारखान्याच्या रुग्णालयाचे प्रमुख डॉ. होसोकावा हाजिमे यांनीं माणसांतील अज्ञात मज्जाविकाराची वर्दी सरकारांत दिली. तीं माणसें, त्यांत लहान मुलेंही होतीं, मांजरांप्रमाणेंच लटपटत होतीं. कारखाना खाडींत पारा सोडीत होता; मासे तो खात, मांजरें मासे खात, आणि कोळीही तेच मासे खात. होसोकावा यांनीं १९५९ सालीं एका मांजरास कारखान्याचें सांडपाणी अन्नांत मिसळून दिलें. त्या मांजरास नांव नव्हतें, ४०० हा क्रमांक होता. ऑक्टोबरांत त्यास झटके येऊं लागले. डॉक्टरांनीं ही गोष्ट वरिष्ठांच्या कानीं घातली. वरिष्ठांनीं ती दाबून टाकली. कारण कारखान्यांतच आहे हें सरकारनें मान्य करावयास १९६८ साल उजाडलें. होसोकावा यांनीं १९७० सालीं रुग्णशय्येवरून साक्ष दिली आणि त्याच वर्षीं ते वारले.

मांजर विचित्र वागतें तें त्याच्या लहरीनें, हा समज किती महाग पडूं शकतो याचें याहून मोठें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं. आमचें स्वतःचें उदाहरण फार लहान आहे; तरी तें सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. या बोक्याच्या पूर्वीं आमच्या घरीं एक मांजरी होती. चौदाव्या वर्षीं ती अधाशासारखी खाऊं लागली, रात्रीं घरभर ओरडत फिरूं लागली, चपळ तर अशी झाली कीं पाहुणे म्हणत, हिला तारुण्य आलें. खाऊनही ती वाळत होती. पण म्हातारपणीं सर्वच वाळतात. आम्ही त्यास म्हातारचळ म्हणालों, रात्रीं झोपमोड होई म्हणून तिला मागील खोलींत कोंडूं लागलों. सात महिन्यांनीं ती गेली. गळ्यांतील थायरॉईड ग्रंथीचा हा विकार मांजरांत असतो हें न्यूयॉर्कच्या पशुवैद्यांनीं १९७९ सालींच नोंदवून ठेविलें आहे. त्यास गोळ्या आहेत, आणि रक्ताच्या एका तपासणीनें तो उघडकीस येतो. हें आम्हीं वाचलें तें या लेखाच्या निमित्तानें. पुस्तकांच्या कपाटास टेकून ती रात्र रात्र ओरडत असे.

तेव्हां करावें काय? इतिहासाच्या अध्यापकानें औषध सांगूं नये. परंतु या शंभर वर्षांच्या कागदपत्रांतून एक क्रम स्पष्ट दिसतो आणि तो सांगण्यास हरकत नाहीं. आधीं शरीराची चौकशी, मग मनाची. बोका पुनःपुन्हां मातींत बसतो आणि थेंब पडत नाहीं, तर तेथें रुसव्याची चर्चा करीत बसणें हा गुन्हा आहे. मूत्रमार्ग तुंबला असेल तर एकदोन दिवसांत प्राण जातो. मांजर दोन दिवस अन्नास शिवलें नाहीं, तर कारण कांहींही असो, उपासानेंच यकृतांत चरबी सांचूं लागते, विशेषतः तें लठ्ठ असेल तर. म्हणजे रुसव्याचाही शेवटीं रोगच होतो. उलट, तपासणींत कांहीं निघालें नाहीं तर मांजर ढोंग करितें असें न म्हणतां घरांत काय बदललें याची यादी करावी.

पाहावयाचें कसें यांतही अलीकडे पुष्कळ प्रगति झाली आहे. १९९७ सालीं केसलर आणि टर्नर यांनीं परक्या जागीं ठेविलेल्या मांजरांची बेचैनी मोजण्यासाठीं सात पायऱ्यांचें एक माप योजिलें. माँट्रिऑल विद्यापीठाच्या मंडळींनीं २०१९ सालीं मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याचें माप सिद्ध केलें: कान, डोळ्यांचें आकुंचन, तोंडाचा ताठपणा, मिशा आणि डोक्याची ठेवण या पांच गोष्टींस प्रत्येकीं शून्य ते दोन गुण द्यावयाचे, दहांपैकीं चार किंवा अधिक झाले तर वेदनाशामकाचा विचार करावयाचा. डार्विननें मांजराच्या चेहऱ्याकडे पाहिलें त्यास तोंवर जवळजवळ दीड शतक लोटलें होतें. आम्हांस परीक्षेचे गुण देण्याची संवय असल्यामुळें ही पद्धति विशेष पसंत पडली. परंतु हें माप वेदनेचें आहे, भयाचें नव्हे. हें विसरतां कामा नये.

आमच्या बोक्याकडे परत येऊं. डॉक्टरीणबाईंनीं दुसरी एक तपासणी सांगितली होती. रक्तांतील प्रथिनांस चिकटलेली साखर ती मोजते आणि मागच्या दोनएक आठवड्यांचा एकंदर हिशेब देते. एका कुत्र्याच्या भुंकण्यानें ती चढत नाहीं. अहवाल तिसऱ्या दिवशीं आला. मधुमेह नव्हता, मूत्राशय मोकळें होतें, लघवींत रक्ताचा लवलेश होता पण जंतू नव्हते. औषध म्हणून त्यांनीं एक पुठ्ठ्याचें खोकें सांगितलें. आम्ही हंसलों, तेव्हां त्यांनीं हॉलंडांतील एक प्रयोग ऐकविला. तेथें आश्रयगृहांत नव्यानें आलेल्या १९ मांजरांपैकीं १० मांजरांस लपावयास खोकीं दिलीं आणि ९ मांजरांस दिलीं नाहींत. खोकीं मिळालेलीं मांजरें लवकर स्थिरावलीं. हा निबंध २०१४ सालीं प्रसिद्ध झाला आहे.

रंगाचे डबे ज्यांतून आले होते तेंच खोकें आम्हीं माळ्यावर नेऊन ठेविलें, आणि त्यांत मातोश्रींचें जुनें लुगडें अंथरलें. पहिल्या रात्रीं बोका त्यांत शिरला. दुसऱ्या रात्रीं खालीं ठेविलेली मासळी नाहींशी झाली. चौथ्या दिवशीं तो खालीं आला, नव्या रंगाच्या भिंतींस एकेका कोपऱ्यांत गाल घासून पाहिला, आणि आमच्या टेबलावर पूर्वीप्रमाणें उत्तरपत्रिकांवर बसला. "मी म्हटलं नव्हतं?" मातोश्री म्हणाल्या. पत्नीनें उत्तर दिलें नाहीं. तिनें स्वैंपाकघरांतील भिंतीवर एक वही टांगिली आहे. तींत दर महिन्याच्या पहिल्या तारखेस बोक्याचें वजन लिहावयाचें असें ठरलें आहे. मागच्या मांजरीचें वजन आम्हीं कधींच घेतलें नव्हतें. वहींतील पहिली नोंद ४ किलो ३०० ग्रॅम अशी आहे.